घरात माणसं किती?

केणेकाकांनी पहिल्या भेटीत माझ्या मुलीचं वजन केलं, आणि मग तिचं नाव विचारलं.

आम्ही कोपरला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी आठ महिन्यांच्या मितूला कडेवर घेऊन जिन्याशी उभी होते. तळमजल्याचं दार उघडलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, अंगाने काडी झालेला एक म्हातारा बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. मितूकडे बोट करून म्हणाला, "कवरं?"

"काय केवढं?"

"वजन."

"डॉक्टरांनी आठ किलो सांगितलंय."

"डॉक्टरच्या काट्याला सील होतं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी आतून टांगायचा मोठा तराजू आणला, दाराच्या कडीला अडकवला, एका पारड्यात टॉवेलची घडी ठेवली आणि हात पुढे केले. सामान चढवणारे हमाल कपाट खांद्यावर घेऊन तसेच थांबले. मितू पारड्यात बसून खिदळत होती. काकांनी आधी तेवढ्याच वजनाचा दुसरा टॉवेल समोरच्या पारड्यात ठेवला, मग एकेक वजन.

"सात किलो आठशे. दोनशे ग्रॅम मारले त्याने. पोरीचे दोनशे ग्रॅम कुठं गेले, विचार जाऊन." मग मुलीला माझ्या हातात देत म्हणाले, "नाव काय हिचं?"

केणेकाका सरकारी नोकरीत वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. बत्तीस वर्षं त्यांनी कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतच्या बाजारांतले तराजू उलटेपालटे करून बघितले. कुठल्या दुकानदाराने वजनाच्या बुडातलं शिसं काढलं, कुणी पारड्याखाली लोहचुंबक चिकटवला, कुणी मीटरपट्टी दोन सूत कमी कापली, हे ते लग्नाच्या आठवणी सांगाव्यात तसे सांगायचे. निवृत्तीच्या वेळी खात्याने शाल दिली. काकांनी ती वाणसामानाच्या काट्यावर ठेवून बघितली.

तराजू तपासताना इन्स्पेक्टर सगळ्यात आधी पारडी रिकामी ठेवून बघतो. रिकामी असतानाच एक बाजू झुकत असेल तर त्या झुकण्याला पासंग म्हणतात. काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका शब्दात होतं. नगरसेवक भाषण करून गेला, की काका म्हणायचे, "पासंग बघितला का त्याचा?" टीव्हीवर कुणी रडायला लागलं, तरी तेच. एकदा माझा नवरा आणि मी जिन्यात भांडत होतो, तर दाराच्या फटीतून आवाज आला, "आधी रिकामी पारडी बघा, मग काय ते ठेवा."

आमच्या दारावर पाटी आहे. माझं नाव आणि खाली बी.कॉम. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. मी हे उगाच सांगत नाही, सांगायला आवडतं म्हणून सांगते. वडील शहाडला कारखान्यात होते, तो बंद पडला. मग आईने धुणीभांडी करून मला शिकवलं. पाटी लावली त्या दिवशी काका वर आले, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "किती टक्के?"

"एकसष्ट."

"पूर्ण?"

"साठ पूर्णांक आठ."

"मग एकसष्ट कनाला सांगतंस?"

तेव्हापासून ते मला ग्रॅज्युएट म्हणायचे. "काय ग्रॅज्युएट, ऑफिस काय म्हणतंय?" त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला कधी नीट वेगळं करता आलं नाही. एकसष्ट म्हणणं मात्र मी सोडून दिलं.

आमच्या बिल्डिंगला त्यांचा त्रास होता. सिलिंडरवाला आमच्याकडे सगळ्यात शेवटी यायचा, आणि काका बाजारात गेलेले बघून यायचा, कारण काका प्रत्येक सिलिंडर काट्याला टांगून बघायचे. सोसायटीच्या पूजेचा शिरा त्यांनी एक वर्ष वाटला. प्रत्येक द्रोण तोलून. आम्ही पूजेला बसत नाही, पण शिरा घरी येतो. त्या वर्षी तो दोन तासांनी आला, गार, घट्ट, आणि प्रत्येक घरात बरोबर ऐंशी ग्रॅम. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "देवालासुद्धा ऐंशीच ठेवला का हो?" काका म्हणाले, "हो. कनाला, जास्त खातो काय?"

भाव करणं त्यांना अजिबात खपायचं नाही. कोपरच्या भाजीबाजारात कुणी "जरा कमी कर की" म्हटलं, तर ते अनोळखी माणसालाही ऐकवायचे, "जास्त लावणारा चोर, आणि कमी मागणारा पण चोर. दोघांवर केस व्हायला पाहिजे."

हे सगळं हसण्यासारखंच होतं, लांबून. जवळून बघितलं तर त्यांच्या घरात दिवसासुद्धा अंधार असायचा. समोरची बिल्डिंग इतकी जवळ आली होती की खिडकी उघडली तर समोरच्यांचा एसी गरम वारा फेकायचा. आत एक खाट, एक खुर्ची आणि फळीवर ओळीने वजनं, वीस किलोपासून ग्रॅमच्या पितळी चकतीपर्यंत. काकी जाऊन चार वर्षं झाली होती. भाजीवाली मला एकदा म्हणाली, "तुमचे ते काटेवाले बाबा अर्धा किलो भेंडी मागतात. मी तोलते. मग जरा गप राहतात आणि म्हणतात, पाव कर."

आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती केण्यांची भातशेती होती. तीन भाऊ. बिल्डरला द्यायच्या आधी वाटणी झाली, ती काकांनी टेप लावून स्वतः केली. मधल्या भावाच्या गोठ्याची भिंत चार फूट धाकट्याच्या वाट्यात येत होती. काकांनी ती पाडायला लावली. चार फुटांनी काकांना स्वतःला काही मिळालं नाही. मधला भाऊ बोलायचा बंद झाला. मग धाकट्याची विहीर काकांच्या मापात मधल्याकडे गेली, तर तोही बंद झाला. दोघांचे आता मागच्या गल्लीत बंगले आहेत, दारात गाड्या आहेत. हळदीला, लग्नाला काकांना पत्रिका येते, घ्यायला कुणी येत नाही. मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला असतो. तो येतो, पण त्याच्या येण्याचं माप काकांनी कधी मला सांगितलं नाही. ज्या गोष्टीचं माप काका सांगत नसत, ती कमी भरत असणार, एवढं मला तोवर कळलं होतं.

आता मुद्द्याचं सांगते.

मी ठाण्याला एका विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. फ्लॅटचा हप्ता दोन पगारांवर चालतो, एकावर नाही. मितूला सांभाळायला शेवंतामावशी होत्या. त्या खडवलीहून यायच्या. एकटीला त्यांचा पगार मला परवडत नव्हता, म्हणून दुसऱ्या मजल्यावरची स्नेहल आणि मी मिळून त्यांना ठेवलं होतं. स्नेहलचा अर्णव मितूच्याच वयाचा. दोन्ही मुलं स्नेहलच्या घरी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. सोळा हजार पगार, आठ तिचे, आठ माझे. दोन वर्षं यात एक शब्द वाकडा गेला नाही.

मग स्नेहलला दुसरं बाळ झालं. तिची रजा संपत आली आणि मावशी एक दिवस दोघींना समोर बसवून म्हणाल्या, "तीन लेकरं झाली. त्यातलं एक तान्हं. मी वीस घेईन. तुम्ही कसं वाटून घ्यायचं ते घ्या, पण पहिल्या तारखेच्या आत सांगा. कल्याणला एक घर विचारतंय. एकच पोर आहे तिथं, आणि वॉशिंग मशीन आहे."

मावशींचे वीस योग्य होते. त्यावर आमचं दोघींचं लगेच एकमत झालं. शेवटचं एकमत.

स्नेहल म्हणाली, "घरं दोन, तर दहा-दहा. सरळ आहे."

मी म्हणाले, "बाळ तुझं. वरचे चार तुझे. मी आठ देते तेच देईन."

"अगं, पण घर माझं वापरतो आपण. लाइट माझी, गॅस माझा. मितूचं दूध माझ्या फ्रिजमध्ये. ते मी कधी काढलं का?"

"मग मुलांवर कर. तीन मुलं, तीन वाटे. दोन तुझे."

स्नेहलने मोबाइलवर आकडे मारले. तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुला सहा हजार सहाशे सदुसष्ट? बाळ झालं मला, आणि पैसे कमी झाले तुझे?"

"मितूकडे बघायला मावशी कमी उरणार, तर माझे कमी होणारच ना."

"वा! म्हणजे माझं बाळ तुझ्या मुलीचा वेळ खातं?"

असं मी म्हणाले नव्हते. पण म्हणायचं तेच होतं. त्यानंतर आम्ही चार दिवस फक्त व्हॉट्सअॅपवर बोललो, तेही आकड्यांत. मुलं एकाच ताटातला वरणभात खात होती आणि आम्ही दोघी शिकलेल्या बायका जिन्यात एकमेकींना चुकवत होतो. तारीख जवळ येत होती. मावशी गेल्या तर दुसरी बाई मिळेपर्यंत घरी बसावं लागणार होतं, आणि बसणार मी, कारण माझा पगार नवऱ्यापेक्षा कमी. माझ्या आईने ज्या मुलीसाठी हात झिजवले, ती घरी बसणार. मला झोप लागेना.

शेवटी स्नेहलचा नवरा निखिल वैतागून म्हणाला, "त्या खालच्या काकांना विचारा. त्यांना कुणीच आपलं नाही, म्हणजे ते कुणाच्याच बाजूने बोलणार नाहीत." तो हे हसत म्हणाला. आम्हीही हसलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "निकाल देईन. मान्य करायचा. भाव करायचा नाय." आम्ही मान डोलावली. "आणि आधी मला ती बाई रिकामी बघायची आहे. मुलं नसताना."

मावशी हसल्या. "मी रिकामी कधी असते ओ दादा? इथून घरी गेले की तिथं नातू."

मग ठरलं की काका आठ दिवस प्रत्यक्ष तपासणी करतील. सोमवारी सकाळी नऊला ते स्वतःची खुर्ची घेऊन स्नेहलच्या हॉलमध्ये आले. कोपऱ्यात खिडकीशी बसले. मांडीवर लांबट वही, हातात काकींचं जुनं मनगटी घड्याळ. मावशींनी कुणाला उचललं, किती मिनिटं, कुणाला भरवलं, किती मिनिटं. पहिल्या दिवशी मावशी मला खाली गाठून म्हणाल्या, "ताई, मी दहावी नापास आहे. परीक्षेचा घाम अजून सुटतो मला. त्यांना सांगा ना, जरा दुसरीकडे बघा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यांना चहा दिला. काका म्हणाले, "मी ड्युटीवर घेत नाय." मावशी म्हणाल्या, "ओता मग मोरीत." काकांनी घेतला.

चौथ्या दिवसापासून मितू त्यांना किलोकाका म्हणायला लागली. अर्णव त्यांच्या वहीवर रेघोट्या मारायचा आणि काका प्रत्येक रेघेखाली सही करायचे, म्हणजे सरकारी कागदावर खाडाखोड झाली तर करतात तशी. संध्याकाळी मी मितूला घ्यायला जायची, तेव्हा ते बाळाच्या पाळण्याकडे टक लावून बसलेले असायचे. पेन बंद.

आठ दिवस झाले. मी विचारलं, "काका, निकाल?"

"नमुना कमी पडतो. अजून चार दिवस लागतील."

चार दिवस झाले. "बाळाला मध्ये सर्दी होती. ते दिवस धरता येणार नाहीत."

बारा दिवस झाले, चौदा झाले. शर्ट रोज इस्त्रीचा. दाढी रोजची. मावशी त्यांच्या डब्याकडे बघून म्हणायच्या, "काय ते सुकं खाता दादा," आणि मुलांच्या वरणातली एक वाटी त्यांना द्यायच्या. कल्याणवाल्यांचा मावशींना दोनदा फोन येऊन गेला होता. तीस तारीख आली, उद्या पहिली. त्या संध्याकाळी ऑफिसातून आले ती सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले.

मी तोंडाची फटकळ आहे. म्हणाले, "काका, तुमचा वेळ जातोय, पण माझी नोकरी जाईल. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

"मना नाय जमत?" काकांचा आवाज चढला. रागात त्यांची गावची बोली वर यायची. मग ते एकदम खाली आले. "खरंच जमत नाय, ग्रॅज्युएट. ती बाई एकाला कडेवर घेते, दुसऱ्याला भरवते आणि तिसऱ्याला नुसत्या डोळ्याने धरून ठेवते. ते मिनिट मी कुणाच्या नावावर टाकू? बत्तीस वर्षांत असा माल बघितला नाय." वही मिटून त्यांनी विचारलं, "तुझी आई कामाला जायची ना? ती दर कसा लावायची?"

मी आईचं नाव काढलं की मान वर करून बोलते. म्हणाले, "माझी आई मिनिटं मोजत नव्हती. दारात उभी राहून एवढंच विचारायची, घरात माणसं किती. माणशी दर. तान्हं असलं तरी एक. म्हातारं खाटेवर असलं तरी एक."

"आणि पाहुणा?"

"चार दिवसांच्या वर राहिला, की पाहुणाही धरायची. फुकट का करायचं?"

काकांनी वही बगलेत मारली. त्यांनी खुर्ची उचलली आणि जिना उतरून गेले. ती खुर्ची ते रोज तिथेच ठेवून जायचे. त्या दिवशी घेऊन गेले, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

पहिल्या तारखेला सकाळी आठला सगळे स्नेहलच्या हॉलमध्ये जमलो. मावशी लवकर आल्या होत्या, पिशवी खांद्यावरच होती. काका उभे राहिले आणि वही उघडली. कोर्टात वाचतात तसं वाचायला लागले.

"मिनिटं वेगळी निघत नाहीत. सबब डोकी मोजली. माणशी एक वाटा. डोकी चार."

"तीन," स्नेहल म्हणाली.

"चार. मितू एक. अर्णव दोन. बाळ तीन." त्यांनी पान उलटलं. "तपासणीत इन्स्पेक्टरने तराजूला हात लावायचा नसतो. माझी चूक झाली. मी सतरा दिवस पारड्यात बसून होतो. नोंदी आहेत." आणि चष्मा नीट करून ते एका सुरात वाचत गेले. "मंगळवार. चहा दिला, चार मिनिटं. बुधवार. चहा, चार. चष्मा शोधून दिला, तीन. शुक्रवार. बटण लावून दिलं, सहा. शनिवार. वरण वाढलं, दोन. गोळी घेतली का विचारलं, अर्धं मिनिट. सोमवार. काल रविवारी काय केलंत विचारलं, एक मिनिट." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "या नोंदी स्वच्छ आहेत. त्यात दुसऱ्या कुणाचं मिनिट मिसळलेलं नाय."

पाळण्यात बाळ कुरकुरलं. मावशींनी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पायाने पाळणा हलवला.

"आणि पाहुणा चार दिवसांच्या वर राहिला," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "विसाचे चार वाटे. पाच ग्रॅज्युएटचे, दहा तुमचे. हे माझे पाच."

"दादा, तुमचे मी कसे घेऊ?" मावशी म्हणाल्या.

"भाव करू नकोस."

मी तेव्हाचं जसंच्या तसं लिहिते, कारण काकांबद्दल लिहिताना दशांश सोडून चालणार नाही. स्नेहल मनात हिशोब करत होती. मला तिच्या ओठांवरून कळत होतं. दहा-दहा म्हणत होती, म्हणजे दहा तिला मान्यच होते. माझे आठाचे पाच होत होते. एका पेन्शनवरच्या माणसाने आमच्या भांडणात पाच हजार ठेवले होते आणि आम्हा दोघींपैकी कुणी 'नको काका' म्हणालं नाही. स्नेहल म्हणाली, "ठीक आहे." मीही म्हणाले, "चालेल." माझा आवाज साफ होता. मावशींनी पिशवी खुंटीला अडकवली.

त्यानंतर दोन वर्षं चौथा वाटा दर पहिल्या तारखेला सकाळी आठच्या आत आला. नव्या कोऱ्या नोटा, वर पेन्सिलीने 'केणे, एक' असं लिहिलेलं. काका आता वही आणत नसत. हक्काने यायचे. दहाला चहा, साडेबाराला वरणभात, मुलं झोपली की खुर्चीतच मान टाकून झोप. मावशी त्यांना मुलांसारखंच रागवायच्या. "दादा, हात धुतले का? दाखवा." काका दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. बाळ पहिल्यांदा चाललं ते खिडकीतल्या खुर्चीकडे. मितू, अर्णव आणि बाळ दर महिन्याला त्या टांगत्या तराजूत बसायचे, आणि त्यांची वजनं स्नेहलच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली आहेत. चौथं वजन कुणी घेतलं नाही. तो तराजू माणसाला तोलायला लहान होता.

मला एकदा वाटलं होतं की आता पगार वाढलाय, काकांचा वाटा आपण भरावा. तो विचार मी ऑफिसला जाता-येता बरेच दिवस केला. एवढंच केलं.

या जूनमध्ये मितू आणि अर्णव मोठ्या शाळेत गेले. शाळेलाच पाळणाघर आहे, सातपर्यंत. बाळालाही तिथे लहान वर्गात घेतलं. स्नेहलने आणि मी मे महिन्यात मावशींना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण कामाची कमी नव्हती. कल्याणचं ते घर अजून विचारतच होतं, त्यांनाही आता दुसरं झालं होतं.

काकांना सांगायचं राहून गेलं. म्हणजे मी स्नेहलवर सोडलं आणि स्नेहलने माझ्यावर.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी मावशींना सोडायला खाली उतरले. त्यांच्या हातात आम्ही दिलेली साडी होती. तळमजल्याचं दार उघडंच होतं आणि काका उंबऱ्यात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, किंवा त्यांनी मोजून ओळखलं असणार.

"मावशी, थांब जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ग्रॅज्युएट, हिशोबाचं विचारतो. तीन डोकी गेली, तर उरलेल्या एकावर पूर्ण वीस बसतात. बरोबर?"

"काका, ते..."

"बरोबर आहे. माणशी वाटा म्हटलं, की तसंच येतं. मना मान्य आहे." त्यांनी कडीला हात लावला, जिथे तराजू अडकवायचे तिथे. मग मावशींकडे बघून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते, अगदी हळू म्हणाले, "काही कमी होईल काय?"

मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. मावशींनी साडीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्या काही टिंगल करणाऱ्या बाई नाहीत. नव्या घराच्या दारात उभं राहून विचारतात तसंच त्यांनी विचारलं. माझी आई विचारायची, अगदी तसंच.

"घरात माणसं किती?"

काकांनी आत वळून बघितलं. खाट, खुर्ची, फळीवर ओळीने वजनं. मोजायला लागावं एवढा वेळ ते बघत राहिले.

"एक," ते म्हणाले.